ठासणीची वापरलेली रायफल: शोध, तपासणी, खरेदी आणि पहिला हंगाम (प्रकल्प नोंदी)

१ सप्टेंबर २०२४

पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीचा जो उत्तरार्धातील हंगाम नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, सुरू होतो आणि जानेवारीत संपतो, त्यात केवळ चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणारी, नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची ठासणीची बंदूक वापरता येते. हा हंगाम १९७४ मध्ये सुरू झाला. नियमानुसार बंदूक .४४ इंच किंवा त्याहून मोठ्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) असावी लागते, तिच्यावर दुर्बीण चालत नाही आणि एका बाराला एकच गोळी सोडता येते. केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी स्फोटक टोपी, लावून उडणाऱ्या बंदुका आणि ज्यांत ठिणगी नळीच्या थेट मागून लागते अशा आधुनिक ‘इनलाइन’ बनावटीच्या बंदुका ऑक्टोबरमधील मादी हरणांच्या हंगामात चालतात; नाताळनंतर मात्र त्या घरीच ठेवाव्या लागतात. कोणती बंदूक घ्यायची हा प्रश्न त्यामुळे बाजारात जाण्यापूर्वीच बराचसा सुटलेला आहे. मला डिसेंबर-जानेवारीत रानात जायचे आहे, म्हणून बंदूक चकमकीचीच हवी.

शिकारी-प्रशिक्षणाचा सक्तीचा अभ्यासक्रम पूर्ण झाला असून राज्याच्या गेम कमिशनचा, म्हणजे शिकारीचे नियमन करणाऱ्या खात्याचा, सर्वसाधारण परवाना आणि ठासणीच्या बंदुकीसाठीचा वेगळा परवाना काढलेला आहे. नवी बंदूक न घेता वापरलेली घेण्याचे कारण केवळ पैसे हे नाही. चकमकीच्या चांगल्या रायफली दुकानांतून आता कमी दिसतात, आणि ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत हौसेने त्या घेतल्या ती पिढी वयोमानाने रान सोडत असल्यामुळे उत्तम बंदुका घराघरांतून बाहेर पडत आहेत. बंदुकीसाठी कमाल सहाशे डॉलर ठरवले आहेत. दारू, गोळ्या आणि इतर सामान त्याव्यतिरिक्त.

कायद्याची बाजू आजच लिहून ठेवतो. १९६८ च्या केंद्रीय बंदूक नियंत्रण कायद्यानुसार, काळ्या दारूवर चालणारी आणि आयते काडतूस ज्यात बसूच शकत नाही अशी ठासणीची बंदूक ‘पुरातन शस्त्र’ या व्याख्येत येते, त्यामुळे तिच्या विक्रीसाठी केंद्रीय पातळीवरची पार्श्वभूमी-तपासणी लागत नाही. राज्यांचे कायदे मात्र वेगळे असतात. न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात, आज बनलेली ठासणीची रायफल घेण्यासाठीसुद्धा राज्याचे खरेदीदार ओळखपत्र लागते. नदी ओलांडली की नियम बदलतो, हे ध्यानात न घेता कोणी तिकडून येऊन इथे खरेदी करू नये.

८ सप्टेंबर

पर्यायांचा अभ्यास. ज्या रायफलीला लोक ‘केंटकी’ म्हणून ओळखतात ती खरे तर आमच्याच भागात, लँकेस्टर आणि आसपासच्या जर्मन कारागिरांच्या हातून अठराव्या शतकात घडली; जेकब डिकर्ट हे त्यांतले मोठे नाव. त्या घाटाच्या, पूर्ण लांबीच्या दस्त्याच्या (नळीखालच्या लाकडी भागाच्या) हातघडणीच्या रायफली देखण्या असतात, परंतु माझ्या अंदाजपत्रकात त्या बसत नाहीत. उरतात त्या अर्ध्या दस्त्याच्या, ‘हॉकन’ घाटाच्या कारखानी रायफली. थॉम्पसन सेंटर या न्यू हॅम्पशायरच्या कंपनीने १९७० मध्ये आपली हॉकन बाजारात आणली आणि ठासणीच्या बंदुकीची हौस देशभर पसरवण्यात तिचा वाटा मोठा होता. दुसरी लायमनची ग्रेट प्लेन्स रायफल, जी इटलीत इन्व्हेस्टआर्म या कारखान्यात बनत असे.

या दोन्हींतला महत्त्वाचा फरक नळीतल्या आट्यांत, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचांत, आहे. हॉकनचे आटे अठ्ठेचाळीस इंचांत एक फेरा घेतात; ही तडजोड आहे, कारण तिच्यात गोल गोळी आणि लांबट गोळी दोन्ही बऱ्यापैकी चालतात. ग्रेट प्लेन्सचे आटे साठ इंचांत एक फेरा घेतात आणि ते कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठीच काढलेले आहेत. संथ फेरा आणि खोल आटे असले की कापडाला पकड मिळते आणि दारूचे माप वाढवले तरी गोळी आट्यांवरून घसरत नाही. मला गोल शिशाचीच गोळी वापरायची आहे, म्हणून पहिली पसंती ग्रेट प्लेन्स, .५० बोअर.

इनलाइन बंदूक घेणाऱ्यांसाठी एक नोंद इथेच करून ठेवतो, कारण चौकशी करताना तशा बंदुका सर्वांत जास्त समोर येतात. सीव्हीए कंपनीच्या १९९५ आणि १९९६ सालच्या इनलाइन रायफली, ज्यांच्या अनुक्रमांकाच्या शेवटी ९५ किंवा ९६ हे आकडे आहेत, त्या नळी फुटण्याच्या धोक्यामुळे १९९७ मध्ये परत मागवण्यात आल्या होत्या. अशी बंदूक कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्यातून बार काढू नये. याशिवाय इनलाइनमध्ये नळीच्या मागचा पेचाचा बूच सुटतो की नाही हे विक्रेत्यासमोरच पाहावे. वर्षानुवर्षे न सोडलेला बूच नळीशी एकजीव होऊन बसतो.

१४ सप्टेंबर

पहिली बंदूक पाहिली. हॉकन घाटाची, चकमकीची, .५० बोअर. विकणाऱ्या बाईंच्या दिवंगत वडिलांची होती आणि कित्येक वर्षे कपाटात उभी होती. दस्त्याचे अक्रोडी लाकूड इतके सुरेख होते की एखाद्याने तेवढ्यावरच पैसे मोजले असते.

बंदूक हातात घेतल्यावर सर्वप्रथम ती भरलेली आहे का हे पाहायचे असते, आणि ठासणीच्या बंदुकीत ते नुसते डोळ्यांनी दिसत नाही. घोडा उतरवून, नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवून, गज (दारू-गोळी ठासायची दांडी) नळीत तळापर्यंत सोडायचा, नळीच्या तोंडापाशी त्यावर बोटाच्या नखाने किंवा पेन्सिलीने खूण करायची, मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरायचा आणि त्याचे टोक बंदुकीच्या कानापर्यंत, म्हणजे ज्यातून ठिणगीची ज्योत आतल्या दारूला लागते त्या नळीच्या बाजूच्या छिद्रापर्यंत, पोहोचते का ते पाहायचे. हॉकन घाटाच्या बंदुकीत नळीच्या तळाशी दारूची अरुंद कोठी असते आणि गजाचे टोक तिच्या खांद्यावर अडते, त्यामुळे दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक राहणे स्वाभाविक आहे. इथे फरक सहा सेंटिमीटरच्या आसपास भरला. शिवाय रिकाम्या नळीत गज टाकला की पोलादावर पितळ आपटल्याचा खणखणीत आवाज येतो, तो इथे आला नाही. आला तो मऊ, बसका आवाज. मी बाईंना शांतपणे सांगितले की आत गोळी आणि दारू दोन्ही आहेत.

असे होण्यामागे एक कारण आहे. या राज्यात चकमकीच्या बंदुकीच्या कानाशेजारच्या छोट्या प्याल्यातली रंजक, म्हणजे ठिणगीने आधी पेटणारी बारीक दारू, काढून टाकली की ती कायद्याच्या दृष्टीने रिकामी मानली जाते. हंगामात पुष्कळ शिकारी संध्याकाळी फक्त प्याला पुसतात आणि नळीतला बार दुसऱ्या दिवसासाठी तसाच ठेवतात. तो दुसरा दिवस कधीकधी येत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर दशकांनंतरही पेट घेते, म्हणून कपाटातून निघालेली प्रत्येक ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे.

आमच्या नेमबाजी क्लबातल्या एका ज्येष्ठ सभासदांना बोलावून घेतले. त्यांनी प्याल्यात आणि कानात पाणी सोडून दारू भिजवली, मग कर्बवायूच्या छोट्या नळकांड्याचे साधन कानाला लावून गोळी बाहेर ढकलली. कापड काळे पडून कुजलेले होते. नळी रिकामी झाल्यावर आत छोटा दिवा सोडून पाहिले, तर गोळी जिथे बसली होती तिथे गंजाचे कडे आणि त्याच्याखाली खोल खड्डे. कोरडे कापड गजावर लावून फिरवले तेव्हा ते त्याच जागी अडकले आणि फाटून बाहेर आले. व्यवहार झाला नाही. बाईंनी मात्र घरात नातवंडे येतात असे सांगून पुनःपुन्हा आभार मानले, आणि तेवढ्यासाठी तो दिवस सार्थकी लागला असे मी मानतो.

५ ऑक्टोबर

ग्रेट प्लेन्स रायफल पाहिली आणि घेतली. ही नोंद सविस्तर करतो, कारण पुढे कोणाला उपयोग होईल तो याच भागाचा.

विकणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, ब्लू माउंटनच्या पायथ्याशी राहणारे. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ पौंडांची बंदूक पेलवत नाही म्हणून विकायला काढली होती. मी पोहोचण्याआधीच त्यांनी स्वयंपाकघरातल्या मेजावर जुने ब्लँकेट पसरून गज, दिवा आणि स्वच्छ कापडाच्या चकत्या मांडून ठेवल्या होत्या. जो विक्रेता तपासणीचे सामान स्वतःहून पुढे करतो, त्याच्या बंदुकीविषयी अर्धा विश्वास तिथेच बसतो.

आधी गजाची परीक्षा: रिकामी. मग नळी. या रायफलीची नळी आकड्याने अडकवलेली असते. दस्त्यातल्या दोन पाचरी ठोकून बाजूला सरकवल्या की ती वर उचलून वेगळी करता येते. नळी वेगळी करू द्यायला विक्रेता कां-कूं करत असेल तर तिथून उठावे. तळाशी दिवा सोडून तोंडाकडून पाहिले: आट्यांच्या कडा धारदार, खाचांत चमक, आणि अंगठी उठल्यासारखे काळे वर्तुळ कुठेही नाही. असे वर्तुळ दिसले तर समजावे की कधीतरी गोळी दारूवर नीट न बसवता, मध्येच अधांतरी ठेवून बार काढला गेला आणि नळी आतून फुगली. बाहेरून अष्टकोनी नळीच्या प्रत्येक पाकळीवर पोलादी पट्टी आडवी धरून पाहिली. कुठेही उंचवटा लागला नाही.

मग तेल लावलेली घट्ट चकती गजावरून आत नेली. हात जे सांगतो ते डोळ्याला दिसत नाही. तोंडापासून तळापर्यंत चकती एकसारख्या जोराने गेली, कुठे सैल पडली नाही, कुठे खरखरली नाही. तळाच्या शेवटच्या तीन-चार इंचांत मात्र किंचित खडबडीत वाटले आणि चकतीवर फिकट तपकिरी छटा आली. दारू जिथे जळते त्या भागात क्षारांचा थर सर्वांत जाड बसतो. काळ्या दारूत पंचाहत्तर टक्के सोरा असतो आणि जळल्यावर त्याचे जे क्षार उरतात ते हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून धुण्यात कसूर झाली की पहिला गंज तिथेच धरतो. इथला खडबडीतपणा नखाला लागेल इतकाही नव्हता. कापडात गुंडाळलेल्या गोळीला तेवढ्याने बाधा येत नाही. वापरलेल्या बंदुकीत मी वयाला किंवा दस्त्यावरच्या ओरखड्यांना फारसे महत्त्व देत नाही. शेवटचा बार काढल्यानंतर ती त्याच दिवशी धुतली गेली होती का, हे नळीचा तळ सांगतो आणि किंमत त्यावर ठरावी.

नळीच्या तोंडाची कड अंगठ्याने चाचपली. धातूचा गज मार्गदर्शक बोंडाशिवाय वर्षानुवर्षे घासला गेला की तोंडाशी आटे एका बाजूला झिजतात आणि नेम कायमचा बिघडतो. इथे झीज नव्हती.

त्यानंतर चापाचा संच. घोडा अर्ध्यावर चढवून चाप जोराने दाबला. घोडा पडता कामा नये, आणि तो पडला नाही. पूर्ण चढवून अंगठ्याने मागून ढकलून पाहिले; खाच घट्ट. या बंदुकीला दोन चाप आहेत: मागचा ओढला की पुढचा अगदी हलका होतो, आणि मागचा न ओढताही पुढचा चालतो. दोन्ही प्रकार तपासले. मग गृहस्थांनी खिडकीचा पडदा ओढून अंधार केला आणि मी गजाने बंदूक रिकामी असल्याची पुन्हा खात्री करून घोडा सोडला. गार ज्या पोलादी झडपेवर आपटते, जिला इकडे फ्रिझन म्हणतात, तिच्या कडकपणाची खरी परीक्षा हीच असते. ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, तडतडत थेट प्याल्यात पडल्या पाहिजेत. लालसर, विरळ ठिणग्या पडल्या तर एकतर गार बोथट आहे किंवा झडपेचे पोलाद मऊ पडले आहे. पहिल्या फटक्याला ठिणग्या कमी होत्या. त्यांच्याकडची नवी काळी गार, इंग्लंडमधल्या ब्रँडनची, चामड्याच्या तुकड्यात घट्ट बसवून पुन्हा पाहिले, तेव्हा प्याला अक्षरशः उजळून निघाला. दोष गारेचा होता, झडपेचा नव्हता. घाईत असलेला खरेदीदार इथे चांगली बंदूक नाकारून बसतो.

दोष एकच सापडला. कानाचे छिद्र साधारणतः एक-सोळांश इंचाचे असावे. मी बरोबर ड्रिलची पाती नेली होती. एक-सोळांशाचे पाते सैल हलले आणि पाच-चौसष्टांशाचेही सहज आत गेले. विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले की बार उशिरा पेटतो असे वाटून त्यांनीच ते मोठे केले होते. मोठ्या छिद्रामुळे दाब वाया जातो आणि प्रत्येक बाराला उजव्या बाजूला ज्वाळेचा फवारा उडतो. परंतु छिद्र ज्या लायनरमध्ये, म्हणजे नळीत बसवलेल्या सुट्या पेचात, आहे तो पेचाने सुटतो आणि नवा स्वस्तात मिळतो, म्हणून हा दोष किमतीपुरताच मोजला.

नळीवर इटलीच्या गार्दोने येथील चाचणीगृहाचे शिक्के, ‘फक्त काळी दारू’ ही सूचना, आणि चौकटीत बी-डी ही अक्षरे. इटालियन शिक्क्यांतली ही दोन अक्षरे चाचणीचे साल सांगतात. बी-डी म्हणजे १९९४. दस्त्याच्या मानेवर आणि चापाच्या खाचेच्या कोपऱ्यांत भिंगाने पाहिले, चीर नव्हती. त्यांनी सव्वापाचशे सांगितले होते, लायनर दाखवून मी साडेचारशे म्हटले, आणि चारशे ऐंशीला सौदा झाला. गोळ्या, मापे, कान साफ करण्याची तार आणि गोळी उपसण्याचा पेच त्यांनी वर दिला. कायद्याने बंधन नसतानाही अनुक्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेली पावती केली. पुढे कधी बंदूक चोरीला गेली किंवा तिच्या मालकीविषयी प्रश्न निघाला तर हाच एक कागद असतो.

१२ ऑक्टोबर

नळी काढून तळाचे टोक कोमट साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवले आणि वरून घट्ट चकतीने पिचकारीसारखे पाणी कानातून आत-बाहेर खेळवले. पाणी पहिल्यांदा करडे, मग स्वच्छ. तळाच्या अरुंद कोठीत .५० ची चकती पोहोचत नाही, त्यामुळे तिच्यासाठी लहान बोअरचा ब्रश वापरावा लागतो. आधीच्या मालकांनी तो वापरला नसावा, कारण कोठीतून जुन्या काजळीचे कवच बाहेर आले. बार उशिरा पेटण्याचे खरे कारण बहुधा तेच होते, आणि छिद्र मोठे करण्याची गरजच नव्हती.

लायनर बदलला. नळी इटालियन असल्यामुळे पेच मेट्रिक मापाचे आहेत. अमेरिकी मापाचा लायनर जबरदस्तीने फिरवला असता तर नळीतले पेच गेले असते. आतून नरसाळ्यासारखा कोरलेला पोलादी लायनर घेतला, त्यामुळे दारूचे कण छिद्राच्या अगदी जवळ येऊन बसतात.

कोकणात माझ्या आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची केपाची बंदूक होती, आणि रानडुकरांना हाकलण्यासाठी तिचे बार निघत ते ऐकत मी वाढलो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. इथे हरणांची संख्या राज्याचे गेम कमिशन मोजून-मापून, परवान्यांच्या आधारे राखते, आणि त्या व्यवस्थेत रीतसर भाग घेण्यात मला संकोच वाटत नाही.

१९ ऑक्टोबर

दारू. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू चकमकीत चालत नाही, कारण तिला पेटायला जास्त उष्णता लागते आणि प्याल्यातली क्षणभराची ज्योत तिला पुरत नाही. खरी काळी दारूच हवी. गोएक्स ही अमेरिकेतली प्रसिद्ध दारू १९९७ पर्यंत आमच्याच राज्यात, मूझिक येथे बनत असे. नंतर कारखाना लुईझियानात गेला, २०२१ मध्ये तो बंद करण्याचे जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी एस्टेस कंपनीने तो विकत घेतला. त्या काळात दारूची टंचाई इतकी झाली की लोकांनी साठे करून ठेवले. केंद्रीय कायदा पुरातन घाटाच्या बंदुकांसाठी आणि छंदापुरती पन्नास पौंडांपर्यंत काळी दारू विनापरवाना बाळगू देतो. मी दोन पौंड घेतली, नळीसाठी दोन-एफ जाडीची आणि प्याल्यासाठी चार-एफची बारीक. बंदूक एका कुलूपबंद कपाटात आणि दारू दुसऱ्या ठिकाणी, कारखान्याच्या मूळ डब्यात ठेवली आहे.

९ नोव्हेंबर

गेम कमिशनच्या रेंजवर. शिकारीचा परवाना असला की तिथे वेगळा पास लागत नाही. गोळी .४९० इंचाची, सुमारे १७७ ग्रेन (साडेअकरा ग्रॅम) वजनाची. कापड गादीच्या खोळीचे,.०१५ इंच जाडीचे, चरबी-मेणाने माखलेले. पन्नास ग्रेन दारूपासून पंचवीस यार्डांवर सुरुवात केली. गोळी दारूवर घट्ट बसली की गजावर तोंडापाशी कायमची खूण कोरून घेतली. पुढच्या प्रत्येक भरणीत ती खूण तोंडाशी जुळलीच पाहिजे.

बाराइतकेच लक्ष मी पुढे उडून पडलेल्या कापडांवर दिले. मधोमध जळालेले कापड म्हणजे ते पातळ किंवा कोरडे आहे. कडेवर समान अंतराने चिरलेले कापड म्हणजे आट्यांच्या किंवा तोंडाच्या कडा ते कापत आहेत. माझी कापडे चिरलेली होती आणि गोळ्या कागदावर ताटाएवढ्या वर्तुळात विखुरल्या. बंदूक वयाने तीस वर्षांची असली तरी फार कमी उडवलेली आहे, याचा हा आणखी एक पुरावा. घरी येऊन बारीक एमरी कागद अंगठ्याखाली धरून नळीच्या तोंडात बराच वेळ फिरवला, जोवर कडेवरची धार बोटाला लागेनाशी झाली नाही तोवर.

२३ नोव्हेंबर

कापडे आता अखंड येतात, नुसती काळवंडलेली. सत्तर ग्रेनला पन्नास यार्डांवर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. ऐंशीला वर्तुळ किंचित मोठे झाले, म्हणून सत्तरच कायम. प्याल्यात रंजक जेमतेम तीन ग्रेन आणि तीही कानापासून दूरच्या बाजूला. छिद्र रंजकेने बुजले तर ती वातीसारखी आधी जळत जाते आणि मगच आतली दारू पेटते. नव्या लायनरनंतर प्याल्याचा भडका आणि बाराचा आवाज एकच ऐकू येतो.

नेम खाली जात होता. पुढची माशी (नेम धरायची खूण) उंच असली की गोळी खाली लागते, म्हणून कानशीचे एक-दोन हात मारायचे, बार काढायचा, पुन्हा मारायचे. कानस मारलेला धातू परत येत नाही, त्यामुळे नेमातला अखेरचा अर्धा इंच घाई न करता गाठला. डावी-उजवी बाजू मागची माशी पितळी दांडीने ठोकून जुळवली.

अंतराची मर्यादा मी स्वतःपुरती साठ यार्ड ठरवली आहे. ही बंदूक पंचाहत्तरला जनावर पाडू शकते, परंतु गोल गोळीचा वेग झपाट्याने उतरतो आणि उघड्या माशीवर, थंडीने आखडलेल्या हातांनी, त्यापलीकडे माझी खात्री देता येत नाही. जखमी जनावर रानात हरवणे मला मान्य नाही.

२८ डिसेंबर

दिवसभर रिमझिम आणि धुके. चापाच्या संचावर मेण चोळलेल्या चामड्याचे आवरण बांधले होते, तरी प्याल्यातली रंजक दर अर्ध्या तासाने काळपट चिखलासारखी होत होती. ती पुसून, तारेने कान मोकळा करून नवी टाकत राहिलो. हरणे दिसली ती शंभर यार्डांपलीकडे. संध्याकाळी बार मातीच्या बांधात काढून नळी रिकामी केली. कायदा भरलेली नळी ठेवू देतो, मी ठेवत नाही.

४ जानेवारी २०२५

कोरडी, बोचरी थंडी आणि वारा. सकाळी उशिरा चार माद्या ओकच्या उतारावरून खाली आल्या. या हंगामात शिंगाळ्या हरणाची न वापरलेली चिठ्ठी, म्हणजे एक हरण मारण्याची परवानगी, मादीसाठीही चालते आणि माझी चिठ्ठी शिल्लक होती. पहिली मादी चाळीस यार्डांवर आडवी थांबली. मागचा चाप ओढला, पुढच्याला स्पर्श केला. भडका उडाला तरी नजर माशीवरून हलवली नाही, कारण चकमकीच्या बंदुकीत नेम चुकतो तो बहुतेक वेळा त्या क्षणी डोळा मिटल्यामुळे. धूर वाऱ्याने लगेच बाजूला नेला. मादी तीसेक यार्ड धावली आणि पडली. गोळी दोन्ही फुप्फुसांतून पलीकडे गेली होती.

जनावर जागेवरून हलवण्यापूर्वी चिठ्ठी भरून त्याच्या कानाला बांधली, आणि घरी आल्यावर कमिशनकडे नोंद केली. त्यासाठी दहा दिवसांची मुदत असते, ती संपेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. मांस कापून बांधायला रात्र झाली, तरी बंदूक आधी धुतली.

५ जानेवारी

सकाळी तेलाची चकती पुन्हा फिरवली. तळाशी किंचित तपकिरी छटा आली, म्हणून कोठी लहान ब्रशने परत साफ करून कोरडी केली आणि दुसऱ्यांदा फिरवलेली चकती स्वच्छ निघाली. लायनरचे छिद्र एक-सोळांशाच्या पात्याने मोजले. माप जसेच्या तसे आहे. गारेची धार एका कोपऱ्यात तुटली आहे, ती पितळी दांडीने टिचवून सरळ केली, आणि ब्रँडनच्या आणखी गारा मागवल्या. आठवड्याने नळी पुन्हा तपासायची आहे.